शंभरात पावणेऐंशी

रविवार, ९ फेब्रुवारी

टिल्लू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहायला नकोत. आधी वाईट बातमी सांगून टाकते. तुझ्या एककान्याच्या अंगात आता फक्त नऊ प्राण उरलेत. तू बत्तीस देऊन गेला होतास. बाकीचे मी घालवले.

ओरडू नकोस. मुद्दाम नाही घालवले. आजच्या खेळात किल्ल्याच्या दारात दोन पहारेकरी होते, तेवढेच. बसवाल्याचं पात्र, ती चेटकीण, मागून विजा फेकत होती. मी एककान्याला पुढे काढलं, त्याची ती कुऱ्हाड उगारली आणि फासा टाकला. पहारेकऱ्यांच्या चिलखतातून घाव आत जायला तेरा किंवा त्याहून जास्त पडायला हवे होते. पडले चार. पुन्हा टाकला, अकरा. पुन्हा, सात. दुपारभर हाच तमाशा. दातवाली म्हणाली, "आत्या, फाशावर फुंकर घाला." घातली. दोन पडले. शेवटी बसवाल्याने दोघांनाही भाजून काढलं म्हणून निभावलं, नाहीतर आज तुला काय तोंडाने पत्र लिहिलं असतं देव जाणे.

नियम मला पाठ आहे. आपल्या टेबलावर मेला तो मेला. शाळेत असताना तुम्ही पोरांनी केलेला नियम, पण दातवाली आता एवढी दातांची डॉक्टर झाली, लोकांना भूल देऊन दाढा उपटते, तरी त्या नियमाला कुणाला बोट लावू देत नाही. खेळ ती चालवते, गोष्ट ती रचते, राक्षस तिचे, तेव्हा आपण काय बोलणार!

आणि निघताना तू जिन्यात काय म्हणालास तेही पाठ आहे. "आत्या, एककान्या जिवंत आहे तोवर या घरात माझं काहीतरी आहे. तो गेला की संपलं." मला वाटलं, रागाच्या भरात बोलतोय पोरगा. आता दोन वर्षं झाली. तू एकदाही आला नाहीस. फोन दुकानात वाजतो आणि दुकानात बाबा असतात म्हणून फोन करत नाहीस. मोबाइलवर टाइप करायला जावं तर माझं बोट एकदम तीन अक्षरं दाबतं, म्हणून ही पत्रं. तेव्हा बाबा रे, त्या कागदावरच्या माणसाला मी डोळ्यात तेल घालून जपते आहे, एवढं तरी मान.

दादा ठीक आहे. दादा म्हणजे माझा भाऊ आणि तुझा बाप, आठवत नसेल म्हणून सांगते. रविवारी दुकान बंद असतं, आम्ही मागच्या खोलीत काचा बसवायच्या मोठ्या टेबलावर खेळतो आणि तो कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून चष्म्यांचे स्क्रू पिळत बसतो. तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही. दोघं बहीणभाऊ सारखेच हट्टी, तू कुणावर गेलास ते कळतं.

फाशांना काही मंत्र असेल तर कळव. नऊ प्राणांत फार दूर जाता येणार नाही.

तुझी आत्या


रविवार, २ मार्च

टिल्लू,

हसणार असशील तर आत्ताच हसून घे, मग वाच.

मी गेले कित्येक महिने चुकीचा फासा टाकत होते.

तुझ्या डबीत तो वीस बाजूंचा लाल फासा आहे, आणि एक बारा बाजूंचाही आहे, तोही लालच. रंग एक, आकार जवळपास एक. एकाच्या बाजू तीन कोनांच्या, दुसऱ्याच्या पाच कोनांच्या, म्हणे. म्हणे म्हणजे काय, आता दिसतात! वार लागतो की नाही हे बघायला वीसचा टाकायचा आणि वार किती खोल गेला ते बघायला बाराचा. मी बरोब्बर उलट करत होते. बाराच्या फाशावर तेरा कुठून पडणार रे? आकाशातून?

आणि पकडलं कुणी, तर तिथे बसलेल्या एका गृहस्थांनी. नाव विचारू नकोस. दुपारी बसले होते, आमचा आरडाओरडा ऐकत होते. मी पुन्हा "नऊ!" म्हणून कपाळाला हात लावला तशी पाठमोरेच म्हणाले, "वीस बाजू असतील तर तेरापासून वीसपर्यंत आकडे आठ. म्हणजे शंभरात चाळीस वेळा यायला हवेत. मघापासून वीस वेळा टाकलास, एकदाही आला नाही. सत्तावीस हजारांत एखाद्याच्या वाट्याला हे येईल. इतकं वाईट नशीब आपल्या घराण्यात कुणाचं नाही. फासा दाखव."

दाखवला. त्यांनी तो चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला आणि म्हणाले, "बारा." बसवाला हसता हसता खुर्चीवरून घसरला. एवढी मोठी बस वळवतो, पण त्याला कधी दिसलं नाही. दातवाली तर त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसते, तिला आमची बाजू दिसतच नाही. बरं, गेल्या महिन्यात माझा एक घाव सतरा पडला होता, बाराच्या फाशाला! तेव्हा हाच बसवाला "वा आत्या!" म्हणून टाळ्या पिटत होता.

त्या सतराचं कळल्यावर गृहस्थ तावातावाने वळलेच. "म्हणजे लांडगा त्या घावाने मेला? पाच प्राण जास्त काढलेत त्याचे. परत करा." दातवाली म्हणाली, "अहो, लांडगा मेला, त्याचं कातडं विकून आम्ही दोर घेतला." हे म्हणाले, "मग दोर परत करा." आम्ही दोर परत केला. शपथ.

तर आता ते टेबलाशी बसतात. त्यांचं पात्र म्हणजे एक ढालकरी, मोठी ढाल, लांब भाला, बोलायला कमी. आम्ही त्यांना मोजमाप म्हणतो. आले त्या दिवशीच दातवालीचा पुठ्ठा काढायला लावला. ती म्हणाली, "तो असू द्या, कधी कधी कुणी उगाच मरत असेल तर मी आकडा थोडा इकडेतिकडे करते. तेवढी दया सूत्रधाराच्या हातात असते." मोजमाप म्हणाले, "पडला तो आकडा. खोट्या आकड्याने वाचलेला माणूस वाचलेला नसतो." तेव्हापासून सगळे फासे उघड्यावर, तबकात. दुसऱ्या दिवशी तर मिठाच्या पाण्यात एकेक फासा तरंगवून बघितला, एकच बाजू सारखी वर येते का म्हणून. तुझा लाल पास झाला.

मला चष्मा लागलाय. जन्म चष्म्याच्या दुकानात गेला आणि मी मेली बिनचष्म्याची मिरवत होते. चांगली फ्रेम दिली आहे. एककान्याचे प्राण जडीबुटी लावून एकवीसपर्यंत आणलेत.

तुझी डोळस आत्या


बुधवार, २ एप्रिल

टिल्लू,

ओळखलंस तर. "आपल्या घराण्यात" हे शब्द मी गाळायला हवे होते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. "बाबा त्या टेबलावर असतील तर एककान्याचा कागद फाड आणि डबी परत पाठव." नाही फाडणार. नाही पाठवणार. माझ्यावर सोपवलास ना, मग आता तो माझा. आणि असला हुकूम तू तुझ्या तिथल्या साहेबाला देऊन बघ, मला नको.

रागावलास ते कळतं मला. तुमचं दोघांचं वाजलं त्या दिवशी मी काउंटरला होते, विसरले नाही. त्या मास्तरांच्या चष्म्यात तू बसवलेल्या काचेचा कोन केसभर फिरला होता. तू त्यांना म्हणालास, "काका, एवढं चालतंय." आणि दादाने त्यांच्या नाकावरून चष्मा काढला, काच अंगठ्याने बाहेर दाबली आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत केराच्या डब्यात टाकली. "चालतंय म्हणणारा माणूस माझ्या दुकानात चालत नाही." मी तेव्हाही त्याला म्हटलं आणि आताही म्हणते, चार लोकांत पोराची अशी शोभा करायला नको होती. त्याचं चुकलं. पण तूच लिहितोस की तिथल्या कारखान्यात तू कॅमेऱ्याच्या काचा तपासतोस आणि केसभर खोट दिसली तरी बाजूला काढतोस. मग? कुणाकडून शिकलास?

असो. तुला नको असलं तरी सांगते, कारण लिहिणारी मी आहे.

तो तुझ्याबद्दल विचारत नाही. एककान्याबद्दल विचारतो. स्क्रू पिळता पिळता म्हणतो, "त्याचा कान कसा गेला?" मी सांगितलं की तू नववीत होतास, खेळात दातवालीच्या भावाच्या पात्राला वाचवायला एकटाच गुहेत शिरलास आणि एका फाशावर कान गमावलास. "एकटाच?" म्हणाला. म्हटलं, एकटाच. "किती पडायला हवे होते?" म्हटलं, सतरा. त्याने मनात हिशेब केला आणि म्हणाला, "शंभरात वीस. वेडा आहे." पण हे तो जरा बरं वाटून म्हणाला, मला कळतं.

मग एकदा कुऱ्हाडीच्या खनपटीला बसला. म्हणे, कुऱ्हाडीला बाराचा एक फासा, तलवारीला सहाचे दोन. कुऱ्हाडीचा घाव सरासरी साडेसहा बसतो, तलवारीचा सात. शिवाय दोन फाशांची बेरीज अधलीमधलीच जास्त वेळा येते, एकटा फासा लहरी. "तलवार घे, शहाणपणाची आहे." मी म्हटलं, "कुऱ्हाडीला बारा पडायची शक्यता बारांत एकदा, दोन फाशांना छत्तीसांत एकदा. पोराला बारा पडलेले आवडायचे." हे गणित मला बसवाल्याने शिकवलं होतं, पण ऐटीत सांगितलं. दादा म्हणाला, "राहू दे कुऱ्हाड. ज्याची आहे त्याला आवडते ना."

आणि एक. लढाई लागली की ढालकरी कुठे उभा राहतो माहितेय? दर वेळी एककान्याच्या डावीकडे. त्या बाजूला कान नाही, ऐकू येत नाही, म्हणून. हा नियमात कुठेच नाही. दातवालीने सांगून बघितलं, की दादा, कान नसल्याने खेळात काही फरक पडत नाही. तो म्हणतो, "तुला काय ठाऊक?"

तू कागद फाडायला सांगतोस!

आता पुढे पूल आहे. पुलावर दगडी राक्षस आहे. तो पार झाला की गोष्ट संपते, इतक्या वर्षांची. यायचं तर तेव्हा ये. नाही आलास तर मी आहे, चष्मा लावून.

तुझी आत्या


रविवार, ४ मे

टिल्लू,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर. या पत्रासोबत डबीतला लाल फासा पाठवते आहे. वीसचाच आहे, बाजू मोजून घेतल्या.

एककान्या पडला.

मेला नाही. पडला. नीट वाच, घाबरू नकोस, मी घाबरले तेवढं पुरे.

राक्षसाला आम्ही बराच झोडपला होता. चेटकिणीने विजा संपवल्या, ढालकऱ्याने भाला दोनदा आरपार घातला, मी तुझी कुऱ्हाड चालवली आणि काय सांगू, बारा पडले! मी उठून नाचले. पुढच्याच पाळीला राक्षसाने सोटा फिरवला आणि दातवालीने उघड्या तबकात फासा टाकला तो वीस पडला. वीस म्हणजे घाव दुप्पट. एककान्याचे होते नव्हते ते सगळे प्राण एका फटक्यात गेले. दातवालीच्या डोळ्यात पाणी, पण आकडा सगळ्यांनी बघितला होता, आडोसा काढलेलाच होता.

आता नियम असा, तुला माहीत आहे, तरी लिहिते म्हणजे माझ्याच डोक्यात नीट बसेल. पडलेल्याला त्याच्या पाळीला जिवाचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर जगला, कमी पडले तर गेला. दहापासून वीसपर्यंत आकडे अकरा, म्हणजे शंभरात पंचावन्न. पण मधल्या पाळीत कुणी सोबती हत्यार खाली ठेवून त्याच्याजवळ बसला, त्याचा हात धरून, दुसरं काही न करता, तर त्या सोबत्याचा एक फासा धरून दोन फासे पडतात आणि त्यातला चांगला तो धरायचा.

एककान्याच्या आधी पाळी दादाची होती. आणि राक्षस अगदी घाईला आला होता, एक भाला बसला की कोसळणार. दादाला त्यासाठी आठ किंवा जास्त हवे होते. बसवाला उठून उभाच राहिला. "मारा दादा! शंभरात पासष्ट आहेत! पूल आपला, गोष्ट संपली!" तुला तुझा बाप ठाऊक आहे. एवढ्या महिन्यांत त्याने एकदाही कमी आकड्यावर वार केलेला नाही. जिथे जास्त टक्के तिथे भाला, हा त्याचा खाक्या.

त्याने चष्मा वर केला. म्हणाला, "राक्षस मेला तरी हा पंचावन्नावरच राहतो ना?" दातवाली म्हणाली, "हो. जवळ बसलात तरच दुसरा फासा." म्हणाला, "दोन्ही फासे वाईट पडायची शक्यता पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस. शंभरात सव्वावीस. म्हणजे जगायची पावणेऐंशी." बसवाला म्हणाला, "ऐंशीच म्हणा की." दादा म्हणाला, "पावणेऐंशी."

आणि भाला खाली ठेवला. राक्षसाकडे पाठ करून एककान्याच्या डाव्या अंगाला बसला. म्हणजे ढालकरी बसला. पण टिल्लू, खुर्चीतला माणूसही जरा पुढे सरकून बसला, मी बघितलं. राक्षसाने मग त्याला असा काही हाणला की तीन प्राण उरलेत. त्याने नुसतं "बरं" म्हणून आकडा खोडला.

मग माझी पाळी. म्हणजे तुझी. मी फासा उचलला आणि दादाने माझं मनगट धरलं. "तू नको."

"अरे, मग कोण?"

"ज्याचा जीव आहे तो टाकेल."

"तो इथे कुठाय?"

"मग फासा तिथे पाठव. मी फोन करतो."

मी करतो, म्हणाला. मी नाही म्हणाले, तो म्हणाला. मी नंबर शोधायला उठले तर म्हणतो, "आहे मला पाठ." केव्हा पाठ केला, कुणास ठाऊक.

तर टेबल आम्ही तसंच ठेवलंय, तबकासकट, वर चादर घालून. तीन आठवडे खेळ बंद, तोवर हा फासा तुझ्याकडे पोचेल. रविवारी २५ तारखेला दुपारी चार वाजता फोन येईल. तू फोन उचलशील की नाही यावर दादाला काही हिशेब मांडता येत नाही, म्हणून तो फार वाईट स्थितीत आहे. मघापासून एकाच फ्रेमचा स्क्रू पिळतोय. मी तुला काही सांगत नाही, तू मोठा आहेस. पण उचलला नाहीस तर जिवाचा फासा न टाकलेला मेलाच धरतात, तोही नियमच आहे, आणि मग तुझं इथे काय उरलं ते मला जिन्यात बोलून गेलाच आहेस.

उचल रे बाळा.

आत्या


सोमवार, २६ मे

टिल्लू,

काल तू ऐकलंस सगळं, पण बघितलं नाहीस. म्हणून हे पत्र. वाचून झालं की कुठेतरी नीट लपव, किंवा सरळ फाडून टाक. आणि पुढच्या महिन्यात घरी आलास की यातलं काही माहीत नाही असा चेहरा ठेवून बस. आधी कबूल हो, मग पुढे वाच.

साडेतीनपासून तो फोनसमोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, हो, फोनवर दिसत नाही हे त्याला माहीत आहे, मी विचारलं तर माझ्यावरच खेकसला. चार वाजले. नंबर न बघता फिरवला. पहिली रिंग, दुसरी, तिसरी. दातवाली नखं खात होती, दातांची डॉक्टर असून! पाचवीला तू उचललास.

मग त्याने घसा साफ केला आणि दोन वर्षांनी आपल्या मुलाला पहिलं वाक्य काय बोलला, तर "फासा पोचला का?" धन्य आहे. मला तिथेच त्याच्या डोक्यात तबक घालावंसं वाटलं. पण तू "पोचला, बाबा" म्हणालास आणि बाबा हा शब्द ऐकून त्याने टेबलाची कड धरली.

"टाक मग," तो म्हणाला.

फोनचा आवाज मोठा केला होता. तुझ्या तिकडे फासा खडखडला तो आम्हाला ऐकू आला. बसवाल्याने डोळे मिटून घेतले. आणि मग तू म्हणालास, "सात."

अरे, तिथे तुझ्या खोलीत बघायला कुणी होतं का? कुणीही नाही. वीस सांगितले असतेस, अकरा सांगितले असतेस, आम्ही इथे नाचलो असतो. एककान्या नववीपासून तुझा, त्याच्यासाठी तू एवढं बोलून गेलेला, आणि सात पडले तर सात म्हणालास. माझं सोड. मी दादाचं तोंड बघत होते. त्याने फोनवर हात ठेवला आणि आम्हा तिघांकडे बघून हळूच म्हणाला, "खरं सांगितलं त्याने." एकेक शब्द तोलून. जसं काही कुणीतरी त्याला विचारलं होतं आणि तो उत्तर देत होता.

मग हात काढला आणि म्हणाला, "थांब. माझा राहिलाय."

त्याने फासा टाकला. उघड्या तबकात, सगळ्यांच्या डोळ्यादेखत, त्याच्याच नियमाने. फासा कडेला आपटला, फिरला, थांबला.

पाच.

टिल्लू, पाच. मी वाकून बघितलं. बसवाल्याने बघितलं. दातवालीने बघितलं. सात आणि पाच, सव्वावीसातलं जे व्हायचं ते झालं होतं. एककान्या गेला होता. दातवालीने ओठ चावला आणि तोंड उघडलं, सूत्रधार म्हणून सांगणं तिचंच काम.

दादा फोनमध्ये म्हणाला, "सोळा."

तू विचारलंस ना, "काय झालं? सगळे गप्प का?" त्यामुळे गप्प होतो. ज्याने मेलेल्या लांडग्याचे पाच प्राण परत मागितले, दोर परत करायला लावला, त्याच्या तोंडून ते ऐकून आमचं डोकंच चालेना. मग बसवाला ओरडला, "सोळा! सोळा! जगला!" आणि तो ओरडल्यावर दातवालीही ओरडली, आणि मी रडत होते ते तू ऐकलंसच. तू हसायला लागलास. किती वर्षांनी ऐकलं रे ते हसणं. मग तू म्हणालास, "बाबा, राक्षस अजून उभा आहे ना? त्याला मी येऊन मारतो." दादा म्हणाला, "ये. लवकर ये. माझेही तीनच उरलेत."

इथपर्यंत तुला माहीत आहे. मग तू फोन ठेवलास.

दादाने फोन जागेवर ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. तबकात फासा अजून तसाच होता, कुणी हात लावला नव्हता. दातवाली घाबरत घाबरत म्हणाली, "दादा, तो पाच आहे हो."

त्याने वाकून फाशाकडे बघितलं. एखाद्या काचेची कड बघतो ना, तसं बारीक डोळे करून. मग दोन बोटांनी तो उचलला, डबीत टाकला, झाकण लावलं.

म्हणाला, "एवढं चालतंय."

तुझी आत्या

ता.क. तुझ्या मनात येईल की म्हातारीने पुन्हा चुकीचा फासा बघितला असेल. चष्मा लावला होता. पाचच होता.